उसने शब्द

बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र कोणी कोणाला पाठवत नाही. २३वं पाठवतात, ९१वं पाठवतात, डोंगरांकडे दृष्टी लावणारं १२१वं तर हमखास येतं. मागे उगवता सूर्य, त्यावर वचन, खाली जोडलेले हात. ८८व्याला चित्र जोडायचंच म्हटलं तर कुठलं जोडणार? हे स्तोत्र हाकेने सुरू होतं, तक्रारीने पुढे जातं आणि अंधारात संपतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटच्या दोन-चार ओळींत वळण घेतात, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. हे ते वळण घेतच नाही. माझी जिवाभावाची माणसं तू माझ्यापासून दूर केलीस, आता ओळखीचा म्हणून अंधारच उरलाय, एवढं देवाला सुनावून कवी गप्प होतो. देवाकडून उत्तर नाही. त्यापुढे एकदम ८९वं सुरू.

लहानपणापासून बायबल वाचत आले, पण या स्तोत्रापाशी मी कधी रेंगाळले नव्हते. बाबांना पक्षाघात झाला त्या वर्षी रेंगाळले.

गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्यांच्याबरोबर वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला अफेझिया म्हटलं. ऐकलेलं कळतं, काय म्हणायचंय तेही ठाऊक असतं, पण शब्द हाती लागत नाही. बाबांच्या तोंडून निघायचं ते एवढंच, ‘ते... ते... ते’. प्रार्थनेला उभे राहिले की मंडळीतल्या लहान मुलांची चुळबुळ सुरू व्हावी इतकी लांबलचक प्रार्थना करणारा हा माणूस. जगातल्या सगळ्या राज्यकर्त्यांपासून शेजारच्या आजारी बाळापर्यंत एकेकाला नावानिशी देवापुढे नेणारा. त्याला आता पाणी मागता येत नव्हतं. पाणी हवंय हे मला कळेपर्यंत मी उशी सरकवायचे, पंखा वाढवायचे, आणि ते डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवसांत फोनवर वचनांचा पूर आला. पाठवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. काय बोलावं ते सुचत नसलं की माणूस वचन पाठवतो, आणि त्यात माया असतेच. पण सगळ्यांत जास्त वेळा आलेलं वचन होतं यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे विचार आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हांला तो भविष्य आणि आशा देणार आहे. पहिल्या दोन-तीन वेळा बरं वाटलं. मग राग यायला लागला. असाच एका रात्री बाबांच्या पलंगाशेजारी बसून, राग काढायला म्हणून, मी ते पूर्ण प्रकरण काढलं.

ते वचन एका पत्रातलं आहे. इसवी सनापूर्वी ५९७मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमच्या राजाला, सरदारांना, कारागिरांना धरून बाबेलला नेलं, त्यानंतर यिर्मया या संदेष्ट्याने त्या बंदिवानांना यरुशलेमहून लिहिलेलं. त्या लोकांना एकच गोष्ट ऐकायची होती: परत कधी जायचं? आणि लोकांना हवं ते सांगणारा संदेष्टाही यरुशलेममध्ये होता. हनन्या त्याचं नाव, त्याची हकिकत आदल्याच प्रकरणात आहे. त्याने मंदिरात सगळ्यांदेखत यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडलं आणि जाहीर केलं, दोन वर्षांच्या आत बाबेलचं जू देव असंच मोडील, राजा परत येईल, मंदिराची भांडी परत येतील. टाळ्या कोणाला पडल्या असतील ते सांगायला नको.

यिर्मयाच्या पत्रात दोन नाहीत, सत्तर वर्षं आहेत. सगळे उचलतात त्या ११व्या ओवीच्या अगदी आधी, १०व्या ओवीत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथेच मरणार होते. आणि तोवर काय करायचं, तर घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हांला धरून नेलंय त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हिताचे विचार, भविष्य, आशा हे सगळं यानंतर येतं. जे हवं होतं ते मिळणार नाही, हे स्वच्छ सांगून झाल्यावर.

मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. राग गेला असं म्हणणार नाही, पण त्याचा रोख बदलला. मी स्वतः त्या काळात हनन्याच्याच शोधात होते. एका डॉक्टरांनी ‘बघू या’ म्हटलं की दुसऱ्यांकडे जायचं, दुसऱ्यांनी आकडा सांगायला नकार दिला की तिसऱ्यांकडे. सहा महिन्यांत खडखडीत बरे करतो म्हणणारा एक वैदूही कोणीतरी सुचवला होता, आणि त्याचा नंबर मी जपून ठेवला होता. त्या रात्रीनंतर मी नंबर पुसून टाकला वगैरे काही घडलं नाही. पुढच्या आठवड्यात एवढंच झालं, की बाबांचा पलंग खिडकीजवळ हलवला, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्या, दाराला उतरण करून घेतली. घरात आजारी माणूस आहे तो आता आजारी माणूस म्हणून राहणार, हे मान्य करून घराची फेरमांडणी केली. घरं बांधा, मळे लावा. संकटात बळ मिळतं म्हणतात ते मला पहिल्यांदा मिळालं ते असं, सुताराला फोन करण्याइतकं.

भेटायला येणाऱ्यांत काही ईयोबाचे मित्रही होते. ईयोब म्हणजे बायबलातला, अपराध नसताना सगळं गमावलेला माणूस. त्या मित्रांवर तसा थोडा अन्यायच होतो. बातमी कळल्यावर ते लांबून आले, ईयोबाबरोबर सात दिवस नि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, आणि त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंडं उघडली आणि बिघडलं. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून काहीतरी घडलंच असणार, हा त्यांचा हिशेब. आमच्याकडे तो जरा सभ्य भाषेत व्हायचा. देवाला यातून काहीतरी शिकवायचं असेल, घरात प्रार्थना कमी पडत असेल. येशूने असला हिशेब साफ धुडकावलेला आहे हे चर्चला जाणारी माणसंही विसरतात. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले. ते यरुशलेमच्या इतर लोकांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हांला वाटतं काय, असं त्याने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. बुरूज का पडला ते त्याने सांगितलं नाही. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, माझा सेवक ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत म्हणतो. ईयोब काय बोलला होता? जन्माच्या दिवसाला शाप दिला होता, देवाला वादाला बोलावलं होतं. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. बायबलात हे छापलेलं आहे आणि आपण ते घरात ठेवतो, याचं मला अजून नवल वाटतं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, बाबांना काय काय पाठ आहे? गाणी, पाढे, प्रार्थना? मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं. नवं वाक्य जुळवायचं काम मेंदू एका वाटेने करतो, आणि वर्षानुवर्षं घोकून मुरलेलं म्हणून दाखवायचं काम बरंचसं वेगळ्या वाटेने. पहिली वाट बंद पडली तरी पुष्कळदा दुसरी उघडी राहते. आठवड्याचे वार, एकापासूनचे आकडे, तोंडपाठ गाणी आणि प्रार्थना, आणि, त्या हसत म्हणाल्या, शिव्या. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१मध्ये ज्या रुग्णामुळे मेंदूतली बोलण्याची जागा शोधून काढली, तो कशालाही ‘टॅन’ एवढंच म्हणायचा. पण फार संतापला की त्याच्या तोंडून देवाच्या नावाची अख्खी शिवी बाहेर पडायची.

बाबा शिव्या देणारे नव्हेत. मी २३वं स्तोत्र काढलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, मी म्हटलं, आणि थांबले. बाई म्हणाल्या, चालीत म्हणा, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणा, आणि शेवटचा शब्द सोडा. पुन्हा म्हटलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ...’ बाबांचे ओठ हलले. ‘आहे’. मग जरा वेळाने, घोगऱ्या आवाजात, उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत असताना, एका दमात: ‘मला काही उणे पडणार नाही.’

बाबा स्वतःच दचकले. डाव्या हाताने त्यांनी स्वतःचं तोंड चाचपून पाहिलं. बाई पुढचं म्हणायला खुणावत होत्या आणि माझ्याच घशातून आवाज निघेना. हिरव्या कुरणांपाशी ते अडखळले, संथ पाण्यापाशी पुन्हा लागले. मृत्युच्छायेच्या दरीच्या ओवीत मधले शब्द गळाले, पण ‘तू माझ्याबरोबर आहेस’ स्पष्ट आलं. संपल्यावर मी विचारलं, बाबा, मी कोण? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘ते... ते...’ माझं नाव त्यांना सापडलं नाही.

हा चमत्कार नव्हता, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते बरं झालं. मंडळीत मात्र त्याची साक्ष झालीच. कोणीतरी उभं राहून सांगितलं की देवाच्या वचनाने वाचा परत आली. वाचा परत आलेली नव्हती. जे घडलं ते मला याहून मोलाचं वाटतं. बाबांनी लहानपणी पाठ केलेले, त्यांचे स्वतःचे नसलेले शब्द, त्यांचे स्वतःचे शब्द गेल्यावरही शिल्लक राहिले होते. कोणा प्राचीन मेंढपाळ-कवीकडून उसने घेतलेले. आणि उसने असूनही ते त्या क्षणी पूर्णपणे बाबांचे होते. त्यांच्या दरीत ते तेच बोलत होते जे त्यांना बोलायचं होतं.

त्यानंतर माझं शास्त्र वाचणं बदललं. दुःखात लोक स्वतःचे शब्द कमी नि उसने जास्त वापरतात, हे जिथे तिथे दिसू लागलं. वधस्तंभावर येशूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ अशी आरोळी मारली. ते २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. लूकाच्या शुभवर्तमानात प्राण सोडताना तो ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ म्हणतो, ते ३१व्या स्तोत्रातलं. ज्याने डोंगरावर बसून एवढं प्रवचन केलं, एकामागून एक दाखले रचले, त्याने शेवटच्या वेदनेत नवीन काही रचलं नाही. पाठ होतं ते म्हटलं. आदल्या रात्री गेथशेमाने बागेतही त्याने तीन वेळा प्रार्थना केली, आणि मत्तय मुद्दाम नोंदवतो की तिसऱ्या वेळी पुन्हा तेच शब्द बोलून. प्रार्थनेत त्याच त्या गोष्टी काय घोळवायच्या, असं वाटून मी पूर्वी शब्द बदलत राहायचे. आता बदलत नाही.

आणि पाठ असलेल्या शब्दांत तक्रार होती, हे महत्त्वाचं. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत सगळ्यांत मोठा गट विलापाचा आहे. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओव्यांतच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. ज्याच्याकडून फक्त गोड वचनंच पाठ करून घेतली, त्याला दरीत गेल्यावर म्हणायला काही उरत नाही. मग तो एकतर खोटं हसतो, नाहीतर देवाशी बोलणंच टाकतो. रडायचं कसं, कोणापुढे, कुठल्या शब्दांत, हे शिकवणारं पुस्तक असताना आपण त्यातली अर्धी पानं चिकटवून ठेवल्यासारखी वागतो. उपासनेतही विलाप गायलेला मी क्वचितच ऐकलाय. शास्त्राकडून बळ हवं असेल तर ते आधी आपल्याला कण्हू देतं, या गोष्टीवर माझा आता फार भरवसा बसलाय. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो, आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ‘ते... ते... ते’ हीदेखील प्रार्थना असू शकते, असं मला कोणी धर्मपंडिताने सांगितलं नाही. या ओवीने सांगितलं.

डीट्रिच बॉनहॉफर या जर्मन पाळकाला नात्सी राजवटीने एप्रिल १९४३मध्ये पकडून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात टाकलं. पुढच्याच महिन्यात त्याने आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात एक बारीकसा तपशील आहे. त्याच्या कोठडीच्या दारावर आधीच्या कोणा कैद्याने खरडून ठेवलं होतं, शंभर वर्षांत सगळं संपलेलं असेल. बॉनहॉफर लिहितो, माझे दिवस तुझ्या हाती आहेत हे ३१वं स्तोत्र बायबलचं उत्तर खरं, पण बायबलात १३व्या स्तोत्रातला प्रश्नही आहे, ‘कोठवर?’, आणि इथे तोच सगळं व्यापून टाकू पाहतो. शिकलेला, पुस्तकं लिहिलेला धर्मशास्त्री. त्याने उत्तर पुढे करून प्रश्न दडवला नाही. त्याच वर्षीच्या नाताळात त्याने मित्राला लिहिलं, की प्रिय माणसाच्या नसण्याची पोकळी देव भरून काढतो असं म्हणणं चुकीचं आहे. देव ती भरत नाही, मोकळीच ठेवतो, आणि त्यामुळेच आपली जवळीक टिकते, वेदनेसकट. ९ एप्रिल १९४५ला त्याला फाशी दिलं, युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. सांत्वनाच्या भाषणांत ‘देव पोकळी भरून काढो’ ऐकलं की मला हे पत्र आठवतं आणि मी आमेन म्हणायचं टाळते.

मराठीत हे उसने शब्द माझ्यापर्यंत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत, आणि त्यांचा विचार केला की माझी तक्रार थोडी आवरते. दुष्काळात भटकताना आई, वडील, बहीण गेली. मग भाऊ, १८८०मध्ये. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात तान्ही मुलगी. ती मनोरमाही १९२१मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. हिब्रू आणि ग्रीक मुळातून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं काम तेव्हा शेवटच्या टप्प्यात होतं. अल्पशिक्षित बायकांनाही वाचता यावं हा त्यांचा हट्ट. मुलगी गेल्यावर त्या थांबल्या नाहीत. काम पुरं केलं आणि एप्रिल १९२२मध्ये गेल्या. पुस्तक छापून झालं १९२४मध्ये. विलापगीताचं, ईयोबाचं भाषांतर ज्या बाईने केलं तिला कोशातून शोधावे लागणारे शब्द निराळे असतील, विलाप शोधावा लागला नसणार.

या सगळ्यात विश्वासाची ऊब वगैरे जाणवत होती का, असं एका मैत्रिणीने विचारलं. फारशी नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्या कित्येक वर्षं आतून कोरड्या अंधारात होत्या हे कळून लोकांना धक्का बसला होता. मला आता नाही बसत. ऊब न जाणवताही पहाटे उठून रुग्णाचं अंग पुसता येतं. आणि अंग पुसताना म्हणायला ओळी पाठ असल्या तर ते काम जरा कमी अवघड जातं, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकते.

थकण्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण शुश्रूषा करणाऱ्याला वचनं पाठवणारे त्याला झोप पाठवत नाहीत. बायबलातल्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या प्रकरणात एलीया हा संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. आदल्याच प्रकरणात कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवणारा हाच तो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. शिवतो, म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, उशाशी पाण्याची सुरई. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो! मग दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो, आणि कारण सांगतो, प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे. होरेब डोंगरावर ‘इथे काय करतोयस’ हा देवाचा प्रश्न, ती शांत, मंद वाणी, हे सगळं नंतर. क्रम बघण्यासारखा आहे. एका रात्री आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी आल्या, डबा ठेवला, म्हणाल्या, ‘तू आत जाऊन झोप, मी बसते त्यांच्यापाशी.’ प्रार्थना केली नाही. केली असेल तर मी झोपल्यावर केली असेल. एवढ्या सगळ्यांच्या भेटींत मला शास्त्रानुसार झालेली भेट म्हणून तीच आठवते.

बाबा आता आधीपेक्षा बरे आहेत, पूर्वीसारखे नाहीत. पाणी मागता येतं. माझं नाव येतं, कधीकधी धाकट्या आत्याच्या नावाने येतं. रोज संध्याकाळी आम्ही स्तोत्रं क्रमाने वाचतो, मी वाचते आणि त्यांना जिथे येतं तिथे ते मिसळतात. यात एक वाद चालू आहे. शत्रूंचे दात मागणारी, त्यांच्या नाशाची याचना करणारी स्तोत्रं मोठ्याने वाचायला मला अवघड वाटतं, आणि मी एकटीच नाही. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या नित्यप्रार्थनेच्या ग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली. तेव्हा मीही ५७वं संपवून सरळ ५९व्याला हात घातला.

बाबांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी वाजवली. मी थांबले. काय हवंय? पाणी? त्यांनी मान हलवली, आणि आकडा नुसता सांगता येत नाही म्हणून मोजायला सुरुवात केली. पन्नास. एकावन्न. बावन्न. मला त्रेपन्नला कळलं होतं, पण मधे बोललं तर त्यांची साखळी तुटते. चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. अठ्ठावन्नला ते थांबले आणि माझ्याकडे असे बघू लागले, जसे मी लहानपणी रविवारच्या शाळेचं वचन पाठ न करता जायला निघाल्यावर बघायचे. मी त्यांना व्हॅटिकनचा दाखला दिला. ते प्रॉटेस्टंट आहेत, त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

मग वाचलं. ‘देवा, त्यांच्या तोंडातले दात पाड’ अशा अर्थाची ओळ येते तिथे बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, ‘आमेन.’ कोणाचे दात, ते मी विचारलं नाही. १०९वं अजून पुढे आहे, आणि त्यात तर शापच शाप आहेत. माझे मुद्दे मी काढून ठेवलेत.